पाव्हण्याचा गुडघा

हंगाम सुरू झाल्याचं मला साताऱ्यात कॅलेंडर सांगत नाही, उसाचा ट्रॅक्टर सांगतो. भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर युरोपचा नकाशा टांगून उभी असते आणि शाळेच्या बाहेरच्या रस्त्यावरून दोन ट्रेलर ओढत, गाणी लावून, डुलत डुलत ट्रॅक्टर जातो. बोलणं थांबवावंच लागतं. मुलं खिडकीकडे बघतात, मीही बघते. ट्रॅक्टर गेल्यावर रस्त्यावर उसाच्या शेंड्यांचे चार वाढे पडलेले असतात आणि धुळीत मिसळलेला एक गोडसर, हिरवट वास मागे राहतो. मग मी पट्टी उचलते आणि नकाशात ऑस्ट्रिया दाखवते. पुस्तकात तो देश नावापुरता येतो. मी मात्र त्याच्यावर जरा जास्तच रेंगाळते. डोंगर सांगते, बर्फ सांगते, घंटा बांधलेल्या गाई सांगते. मुलांना वाटत असणार, बाईंचा कोणीतरी पाहुणा राहतो तिकडं.

खरं म्हणजे राहतोच.

त्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं, म्हणून आबांनी त्याचं नाव ‘पाव्हणा’ ठेवलं. आबा म्हणजे माझे वडील. विटा आणि कडेगावच्या मधल्या आमच्या गावात शेती करणारे, जुने पैलवान, डोक्यावर टोपी, कान मोडलेले. आणि पाव्हणा म्हणजे ऑस्ट्रियातला एक पोरसवदा फुटबॉलपटू, माझ्या धाकट्या भावाच्या, संग्रामच्या बरोबरीचा. दोघांच्या जन्मात काही आठवड्यांचंच अंतर. दोघंही खेळायचे एकाच जागी, मैदानाच्या मध्यावर. संग्रामला तो मोबाईलवर कधीतरी सापडला आणि मग सुटलाच नाही. त्याचा प्रत्येक सामना, प्रत्येक बातमी घरात येऊ लागली. आबा शेतातून आले, पाय धुतले, की भाकरीवर बसायच्या आधी विचारायचे, “काय रं, आपला पाव्हणा काय म्हणतुय?”

पैलवानांच्या मुलखात, पैलवानाच्या घरात फुटबॉल आला तो केरळातून. आमच्याकडचे निम्मेअधिक पुरुष गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी आटवायची दुकानं घेऊन ते पार कुठं कुठं पांगलेले. आमच्या मामांचं दुकान केरळात. उन्हाळ्याच्या सुटीत संग्राम मामांकडे जायचा. तिथं भात काढून वाळलेल्या वाफ्यात पोरं संध्याकाळभर अनवाणी फुटबॉल खेळतात. एका सुटीनंतर तो परत आला तो केळीचे वेफर्स, नारळाचं तेल आणि एक चेंडू घेऊन. वेफर्स आम्ही संपवले, तेल आईनं ठेवून दिलं. चेंडूनं मात्र घर ताब्यात घेतलं.

आबांना तो खेळ काही केल्या समजेना. “गोल मारणारा कळला, गोल आडवणारा कळला. तू मधी हुबा राहून करतुयास काय?”

“मधल्यानं सगळ्यास्नी चेंडू पोचवायचा आसतोय आबा. कोण कुठं मोकळा हाय बघायचं आन् त्येच्या पायात द्यायचा.”

आबांनी मिशीवरून हात फिरवला. “म्हंजे वाढप्या!”

आम्ही पोट धरून हसलो. पण पुढं कधीतरी मला जाणवलं, की त्या खेळातल्या या जागेचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केलं नसेल. यात्रेच्या जेवणात वाढपी पंगतीकडे कसा बघतो? कुणाच्या पानात काय संपलंय हे मागायच्या आधी त्याला कळतं. संग्राम तसा खेळायचा. मान वर, नजर चहूकडे, चेंडू पायात आला न आला तोच दुसऱ्याच्या पुढ्यात. स्वतः क्वचितच गोल करायचा. माझ्या लग्नात तो खरोखर वाढायला उभा होता आणि सगळ्यात शेवटी जेवला, तेही मीच हाताला धरून बसवला म्हणून.

पाव्हण्याचं सगळं आमच्या घरात असंच भाषांतर होऊन कळायचं. तो डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यातला. त्याच्या घराचा फोटो पाहून आबांनी पहिला प्रश्न विचारला, “गुरं कुणाची ही?” गाई शेजाऱ्यांच्या निघाल्या तेव्हा त्यांचा थोडा हिरमोड झाला. पोरवयातच त्याला मोठ्या क्लबनं उचलून नेलं, वसतिगृहात ठेवलं, हे त्यांना एकदम पटलं. तालमीतही तसंच तर असतं. पुढं त्या क्लबनं त्याला वर्षभरासाठी एका लहान क्लबला खेळायला दिलं, तेव्हा संग्राम दोन दिवस चेंडूला शिवला नाही. आबांनी त्याची समजूत घातली. “त्यात काय वाईट? बैल पैऱ्यानं दिल्यागत हाय ते. दुसऱ्याच्या रानात राबतुय, अंगातली रग शिल्लक ऱ्हाती, आन् फिरून दावणीला येतुयच की.” आणि खरोखर पाव्हणा वर्षानं दावणीला परत आला. आबांनी जणू स्वतःच सोडवून आणल्यासारखा आनंद केला.

आपला मुलगा कुस्ती खेळणार नाही, याचं दुःख आबांना नव्हतं असं नाही. ते कधी बोलले नाहीत. पण एका वर्षी ऊस गेल्यावर त्यांनी बांधालगतचा लांबोडका तुकडा पुन्हा लावलाच नाही. बुडखे खणून काढले, रोटर मारला, फळी फिरवली, पाणी मारून दाबून घेतला. आई म्हणाली, “आवं, एवढं पाणी आल्यालं रान मोकळं ठेवता व्हय?” तर म्हणाले, “आखाड्याबिगर पैलवान हुतुय काय?” संग्राम त्या तुकड्यावर पहाटे धुक्यात पळायचा. चारी बाजूंना डोक्यावर ऊस, मध्ये तेवढंच आभाळ, आणि पलीकडून फक्त चेंडूचा आवाज यायचा. माहेरी असले की मी अंथरुणातूनच तो आवाज ऐकायची. आता तो आठवणीतून काढून टाकायचा म्हटलं तरी जात नाही.

तो हिवाळा मी विसरू शकत नाही. संग्राम तेव्हा कोल्हापूरच्या एका पेठेतल्या संघातून खेळत होता. कोल्हापूरचा फुटबॉलचा हंगाम आणि आमच्या उसाचा हंगाम बरोबरच चालतात. एकीकडे कारखान्याचा भोंगा, दुसरीकडे पेठेतले ढोल. गावातली पोरं उसाच्या गाड्या सोडून मॅच बघायला जायची आणि मुकादमाच्या शिव्या खायची. त्या हंगामात संग्राम असा काही खेळला, की पुण्यातल्या एका मोठ्या क्लबनं त्याला चाचणीला बोलावलं. निवड झाली तर करार, पगार, मोठ्या स्पर्धा. मोबाईलवर तो निरोप आला, संग्रामनं तो मलाही पाठवला, आणि आबांनी तो माझ्याकडून फोनवर दोनदा वाचून घेतला. वाचता त्यांना येत होतं, त्यांना ऐकायचा होता.

चाचणीला अजून काही आठवडे होते. आणि एका सामन्यात संग्रामचा उजवा गुडघा गेला. उडी मारून उतरताना पाय वळला, आतून काहीतरी तट्कन वाजलं, एवढंच तो सांगायचा. संघातली पोरं म्हणाली, मोठ्या डॉक्टरला दाखवू, फोटो काढू. तोवर आबा गावातली जीप घेऊन पोचले होते.

इथं आबांच्या हाताबद्दल सांगायलाच हवं. ते हात आमच्या पंचक्रोशीत नावाजलेले. तालमीत वस्तादांनी त्यांना कुस्तीच्या डावांबरोबर सांधे बसवायचंही शिकवलं होतं. आमच्याकडं कुणाचा पाय मुरगळला, खांदा उतरला, पाठीत उसण भरली, की माणूस दवाखान्यात जात नाही, आबांच्या ओट्यावर येतो. आबा एक नारळ घेतात, दुसरं काही नाही. डोळे मिटून बोटांनी चाचपतात आणि माणूस ओरडायच्या आत सांधा जागेवर आणतात. खांबाला धरून आलेली माणसं स्वतःच्या पायानं परत जाताना मी लहानपणापासून पाहिली आहेत. पैलवानांच्या मुलखात सांध्यावर डॉक्टरचा नाही, वस्तादाचा हक्क असतो. कुस्तीत ते चालतही असेल. पण हाडांना बांधून ठेवणारी आतली दोरी तुटली तर ते बाहेरून बोटांना कळत नाही, हे वस्तादांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी आबांना सांगितलं नव्हतं.

“फुटबॉलवाल्यास्नी सांध्यातलं काय कळतंय?” जीपमध्ये आबा म्हणाले होते. आणि संग्रामचाही विश्वास होता. का नसावा? त्याचा मनगटाचा सांधा, माझा घोटा, आईचा खांदा, सगळं त्याच हातांनी तर बसवलेलं.

मी तेव्हा संक्रांतीला माहेरी गेले होते. ओट्यावर ऊन पडलेलं, संग्राम भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेला, आणि आबा त्या टम्म गुडघ्याला कोमट तेल लावतायत. आंबेहळदीचा लेप, वर एरंडाची पानं, वर आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी. आठवड्याभरात सूज उतरली. मग पाय दुमडून बघणं सुरू झालं. मग भिंतीला धरून उठबस. मग बैठका. “रग भरली पायजे मांडीत,” आबा मोजत उभे असायचे. संग्रामचा चेहरा पांढरा पडायचा, दात आवळलेले असायचे, पण तो उठायचा. बाप शेजारी उभा राहून मोजतोय म्हटल्यावर कोण खाली बसून राहील?

त्याच दिवसांत पाव्हण्याची बातमी आली. त्याचाही गुडघा गेला होता. तसाच, उतरताना वळून. संग्रामनं मोबाईलवर वाचून दाखवलं, की लगेच शस्त्रक्रिया केली आहे आणि आता जवळजवळ वर्षभर मैदानात उतरायचं नाही. आबा जे हसले! “एवढ्याशा गुडघ्याला वरीस? दूधतूप न्हाई व्हय त्येंच्यात? आरं, हिकडं धाडून द्या म्हणावं त्येला. बसवून देतो तीन दिसात.” आम्ही सगळेच हसलो. संग्रामही हसला. पाव्हणा आमच्या ओट्यावर पाय लांब करून बसलाय आणि आबा त्याच्या गोऱ्या गुडघ्याला तेल चोळतायत, असं चित्र आईनं रंगवलं आणि तिलाच हसू आवरेना. त्या हसण्याचा आवाज आता आठवला की मला कान झाकून घ्यावेसे वाटतात.

चाचणीला पुण्याला आम्ही तिघं गेलो. मी साताऱ्यातून गाडीत बसले. आबांनी धुवट कपडे घातले होते आणि पिशवीत तेलाची बाटली घेतली होती. मैदान इतकं हिरवं होतं की आबा खाली वाकून हात लावून आले. “ह्येच्यावर आपल्या तुकड्यागत फळी फिरवत्यात काय?” त्यांनी मला हळूच विचारलं. संग्राम सुरुवातीला छान खेळला. खरंच छान खेळला. मला त्या खेळातलं फार कळत नाही, पण वाढपी कसा असतो ते कळतं. त्यानं दोघांना असे चेंडू दिले की बाजूला बसलेले साहेब एकमेकांकडे बघून काहीतरी बोलले. आबांनी माझा हात घट्ट धरला.

आणि मग चेंडू घेऊन तो नुसता वळला. कुणी अंगावर आलं नव्हतं, कुणी धक्का दिला नव्हता. वळला आणि मोडून पडला. त्याच्या ओरडण्यात मला त्याचा पाळण्यातला आवाज ऐकू आला.

आबा धावले. त्या मैदानावर चप्पल घालून जायचं नसतं, म्हणून धावता धावता त्यांनी चपला काढल्या, तेवढं भान त्यांना होतं. त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि गुडघ्याला हात घातला. क्लबचा माणूस म्हणाला, “काका, प्लीज, बाजूला व्हा. हात लावू नका.” आबांना ते समजेना. ते चोळतच राहिले. तेव्हा वेदनेनं डोळे मिटलेला माझा भाऊ त्या माणसाला म्हणाला, “ऱ्हावू द्या सर. माझं वडील हायत ते.”

पुण्याहून आम्ही त्याला मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या एमआरआयचा फोटो प्रकाशात धरून आम्हा दोघांना दाखवला. आबा तेव्हा खाली गाडी लावत होते. डॉक्टर वाईट बोलले नाहीत. शांतपणे म्हणाले, की दोरी पहिल्याच वेळी तुटली होती. तेव्हा लगेच आला असता तर पुन्हा खेळता आलं असतं, पुष्कळ जण खेळतात. पण नंतर त्यावर जोर पडत राहिला, बैठका झाल्या, दोन हाडांमधली गादी चिरडून गेली. आता शस्त्रक्रिया करू, चालेल, फिरेल, गाडी चालवेल. “खेळ मात्र विसरा,” असं म्हणून त्यांनी फोटो पाकिटात घातला.

जिन्यावर आबांच्या पावलांचा आवाज आला तसा संग्रामनं माझा दंड धरला. “आक्का, आबांस्नी ह्यातलं कायबी सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय तुला.”

मी सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. मला राग येतो, अजूनही येतो, आणि तो कुठं ठेवावा ते कळत नाही. आबांवर ठेवायला गेले तर ते हात दिसतात. जिवाच्या आकांतानं केलेल्या मायेनंच माणसाचं वाटोळं झालं, तर दाद कुणाकडे मागायची? परक्यानं केलं असतं तर बरं झालं असतं. निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

संग्राम आता केरळात मामांच्या दुकानात आहे. सोनारांच्या दुकानातली झाडलोट आणायची, जाळायची, धुवायची, आटवायची, आणि तिच्यातून सोन्याचा कण काढायचा. भट्टीपुढं त्याचं दिवसाचं काम चालतं. संध्याकाळी दुकानामागच्या वाफ्यात पोरं फुटबॉल खेळतात, तीच जागा, जिथं तो हा खेळ शिकला. मी एकदा फोनवर विचारलं, “बघायला जातोस का रे?” म्हणाला, “चेंडू कधी दुकानात येतुय, आक्का. हातानं टाकतो परत.” मग आम्ही दोघंही बराच वेळ हवापाण्यावर बोललो.

आबा मात्र अजून दर हंगामात ऊस तुटला की त्या तुकड्यावर फळी फिरवतात. त्यांचं म्हणणं, पोराचा गुडघा नशिबानं गेला, पण रान बिघडू द्यायचं नाही. गावातली पोरं त्यावर क्रिकेट खेळतात. संग्राम सुटीला आला की रोज दिवेलागणीला आबा तेलाची वाटी घेऊन ओट्यावर बसतात आणि तो मुकाट्यानं पाय लांब करतो.

परवा मी माहेरी गेले होते. संग्राम आलेला होता. दिवस नुकताच मावळला होता, रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या, आई ओट्याच्या कडेला तांदूळ पाखडत होती. संग्रामनं मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला होता. ऑस्ट्रियात दुपार होती, मैदानाच्या कडेला बर्फ साचलेला दिसत होता. आबा येऊन बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे बारीक केले.

“ह्यो आपला पाव्हणाच न्हवं?”

“व्हय.”

“त्येचा गुडघा गेल्ता. तुझ्या मागनंच.”

“व्हय आबा.”

मोबाईलवर पाव्हण्यानं चेंडू घेतला, मान वर करून पाहिलं आणि त्याच पायावर गर्रकन वळला. आबा पुढं सरकले. पुन्हा एकदा तो वळला. आईच्या सुपाचा आवाज थांबला.

“मग ह्यो कसा काय फिरतुय रं त्या पायावर?”

मला वाटलं, आता सगळं संपलं. संग्राम मोबाईलकडे बघतच, अगदी सहज म्हणाला, “त्येचं निस्तं मुरगाळलं हुतं, आबा. माझं पडल्या पडल्याच समदं तुटलं हुतं. त्याला कोण काय करणार?”

“आसं व्हय,” आबा म्हणाले.

ते उठले, आत गेले. चुलीवर वाटी ठेवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन ते नेहमीसारखे संग्रामपुढं बसले, बोटं तेलात बुडवली आणि हात पुढं केला. पण तो हात गुडघ्याच्या वर तसाच राहिला. बोटांवरून तेल ओट्यावर ठिबकत होतं. ज्या हातांनी आयुष्यभर डोळे मिटून सांधे ओळखले, त्यांच्याकडे आबा असे बघत होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचे असावेत.

संग्रामनं पाय आणखी लांब केला. आबांचा हात आपल्या हातात घेतला आणि गुडघ्यावर ठेवला.

“चोळा की आबा,” तो म्हणाला, “तुमी चोळलं की बरं वाटतंय.”

आबा खाली मान घालून चोळत राहिले. तांब्याला टेकवलेल्या मोबाईलवर पाव्हणा अजून पळत होता. आईनं हात लांब करून तो हळूच पालथा घातला.